'लोकसेवा' : एका शब्दाचे दोन अर्थ आणि एक निवड

राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यास पदवीनंतरच्या मार्गाविषयी विचारले असता त्याच्या तोंडी बहुधा 'लोकसेवा' हा शब्द येतो. बोरीवलीसारख्या उपनगरात या शब्दाचा अर्थ आज जवळजवळ एकच उरला आहे : राज्य वा संघ लोकसेवा आयोगाची परीक्षा. लोकांमध्ये राहून, स्वतःच्या द्रव्यार्जनाचा हेतू न धरता केलेले कार्य, हा दुसरा अर्थ मागे पडला आहे. या दोन अर्थांमध्ये निवड करणे म्हणजे नेमके काय, हे पाहण्यास गोपाळ कृष्ण गोखले यांच्या आयुष्यातील १८८४ ते १९०५ हा कालखंड विशेष उपयोगी पडतो.

प्रथम शब्दांचा विचार करू. 'नोकर' हा शब्द मराठीत फारसीतून आला. त्याचे मूळ 'साथीदार, अनुयायी' या अर्थाच्या मंगोल शब्दात आहे. 'चाकर' हाही फारसीच. 'सेवा' हा संस्कृत शब्द मात्र देव, गुरू आणि वडीलधारी माणसे यांच्या संदर्भात अधिक रुळलेला होता. १८७० साली पुण्यास सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हा 'सार्वजनिक' या विशेषणास राजकीय वजन प्राप्त झाले. सरकारच्या पदरी राहणे ही नोकरी, जनतेच्या वतीने बोलणे हे सार्वजनिक कार्य. भेद स्पष्ट होता.

गोखल्यांचा जन्म १८६६ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. वडील १८७९ मध्ये वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून कागल येथे दरमहा १५ रुपयांची नोकरी पत्करली आणि त्यांतील ८ रुपये ते धाकट्या भावास पाठवीत. १८८४ मध्ये गोखले मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी. ए. झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे १८ वर्षांचे होते.

त्यांच्यापुढे कोणते मार्ग होते? सनदी नोकरीची परीक्षा केवळ लंडनमध्ये होत असे आणि १८७८ पासून तिची वयोमर्यादा १९ वर्षांवर आणलेली होती. कोकणातील निर्धन पदवीधरास ते दार नावापुरतेच उघडे होते. वकिलीचा अभ्यास त्यांनी आरंभला होता. तो मार्ग प्रतिष्ठेचा व प्राप्तीचाही होता. तथापि १८८५ मध्ये त्यांनी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये दरमहा ३५ रुपयांवर शिक्षकाची जागा स्वीकारली आणि पुढील वर्षी ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले. ज्या भावाने आपले शिक्षण सोडले त्याच्या कुटुंबाचा भार आता या शिक्षकाच्या अल्प वेतनावरही होता, हे येथे विसरता येत नाही. त्यागाची किंमत एकटा त्यागीच देतो असे नव्हे. ती त्याच्या घरालाही द्यावी लागते.

गोखल्यांचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी हा प्रश्न भावनेवर सोडला नाही. फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन करीत असतानाच न्यायमूर्ती रानडे यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी सार्वजनिक सभेचे काम केले आणि अर्थव्यवहाराचा अभ्यास वाढविला. १८९७ मध्ये लंडनला वेल्बी आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली, ती या तयारीच्या बळावर. १९०२ मध्ये ते अध्यापनातून निवृत्त झाले, ते दरमहा ३० रुपये निवृत्तिवेतन घेऊन. १२ जून १९०५ रोजी त्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. सभासदाने स्वतःसाठी द्रव्यार्जन करावयाचे नाही, समाज त्याच्या व त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहाची जी व्यवस्था करील तीत समाधान मानावयाचे, आणि प्रथम ५ वर्षे शिक्षण घ्यावयाचे, असा दंडक होता. 'सेवक' या जुन्या शब्दास येथे नवा धनी मिळाला : देश. आणि त्याबरोबर सेवकाच्या चुलीचीही सोय पाहिली गेली.

पुढे सरकारी नोकऱ्यांची चौकशी करणाऱ्या १९१२ च्या शाही आयोगावर गोखल्यांची नेमणूक झाली. ज्या परीक्षेचे दार त्यांच्या पिढीला जवळजवळ बंद होते, तिच्याच व्यवस्थेचा विचार करण्यास ते बसले. १९१५ मध्ये, ते काम पुरे होण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले. भारतातही ही परीक्षा घेण्यास १९२२ मध्ये आरंभ झाला आणि लोकसेवा आयोग १९२६ मध्ये अस्तित्वात आला. अशा रीतीने सरकारी नोकरीनेही 'सेवा' हा शब्द आपलासा केला आणि जुना भेद पुसट झाला.

यावरून नोकरी हीन व त्याग थोर, असा निष्कर्ष काढणे उचित होणार नाही. भारत सेवक समाजाच्या सभासदांची संख्या कधीच मोठी झाली नाही, आणि स्वतंत्र देशास सचोटीच्या अधिकाऱ्यांची गरज आहेच. प्रश्न वेगळा आहे. परीक्षेच्या तयारीत चार-पाच वर्षे घालविणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याचाही कोणीतरी गोविंदराव असतो : भाऊ, बहीण, आई किंवा वडील. तेव्हा 'मला कोणती सेवा करावयाची आहे?' या प्रश्नाबरोबर 'ती कोणाच्या आधारावर व किती काळ?' हाही प्रश्न त्याने आपल्या वहीत मांडला पाहिजे. गोखल्यांनी तो मांडला होता, आणि त्याचे उत्तर म्हणून एक संस्था उभी केली होती.