रिकामा झालेला राजमार्ग

डोंगरातला निर्जन रस्ता पाहिला म्हणजे त्याची शांतता त्या डोंगराइतकीच पुरातन असावी, असा ग्रह सहज होतो. आणि सायकलवरून असे घाट चढणे हाच ज्यांचा छंद, ती मंडळी तर ही शांतता निसर्गदत्त मानूनच चालतात. वास्तविक रस्ता ही वस्तू मुळी वर्दळीसाठीच जन्माला येते. कोणतेही सरकार, मग ते राजाचे असो की प्रजेचे, पाखरांची किलबिल ऐकू यावी म्हणून कडा फोडून वाट काढीत नाही. तेव्हा ज्या घाटात आज मोटारीचा आवाज नाही, त्याची वर्दळ केव्हातरी कोणीतरी दुसरीकडे वळवलेली असते. आणि ती कोणी व कशासाठी वळवली हे शोधू लागले की त्या मुलुखाचा सबंध इतिहास हाती लागतो. स्वित्झर्लंडमधील सेंट गॉटहार्डच्या खिंडीचा दक्षिणेकडील जुना घाट, ज्याला ट्रेमोला म्हणतात, तो या दृष्टीने फार बोलका आहे.

ही खिंड २,१०६ मीटर उंचीवर आहे. उत्तरेस जर्मन बोलणारा ऊरी परगणा, दक्षिणेस इटालियन बोलणारा तिचिनो, आणि पलीकडे लोंबार्डीची सुपीक मैदाने, अशी तिची मांडणी असल्यामुळे युरोपच्या उत्तर-दक्षिण व्यापाराला हा मार्ग सर्वांत जवळचा होता. परंतु रॉइस नदीच्या शोलेनन नावाच्या घळीने तो शतकानुशतके अडवून धरला होता. तेराव्या शतकाच्या सुमारास त्या घळीवर पूल उभा राहिला. तो इतका दुर्घट वाटला की लोकांनी त्याचे कर्तृत्व सैतानाला बहाल केले. पूल बांधण्याच्या मोबदल्यात पहिला ओलांडणारा जीव आपला, असा सैतानाचा करार होता. ऊरीच्या धूर्त शेतकऱ्यांनी पहिल्याने एक बोकड पुढे हाकलला. आणि संतापलेल्या सैतानाने पूल फोडण्यासाठी उचललेली शिळा त्याला वाटेतच टाकून द्यावी लागली, अशी ती कथा आहे. या शिळेचे पुढे काय झाले ते यथावकाश सांगू.

पूल झाला, तरी वाट पायवाटच राहिली. तिच्यावरून माल चाले तो खेचरांच्या आणि घोड्यांच्या पाठीवरून, आणि त्या वाहतुकीचा हक्क त्या त्या खोऱ्यातील खेचरवाल्यांच्या संघांकडे वहिवाटीने चालत आलेला असे. एका संघाच्या हद्दीत दुसऱ्याने ओझे वाहायचे नाही. हद्द आली की गाठोडी वखारीत उतरवायची आणि पुढच्या गावच्या जनावरांवर लादायची. त्याबदल्यात वाटेची डागडुजी आणि हिवाळ्यातील बर्फाचा बंदोबस्त ज्याच्या त्याच्या माथी. व्यापाऱ्यांना ही पद्धत जाचक वाटे यात नवल नाही, पण खोऱ्यातील गावे तिच्यावरच जगत होती. १७०८ साली मोरेत्तिनी नावाच्या स्थापत्यज्ञाने आंडरमाटच्या तोंडाशी कडा कोरून ६४ मीटर लांबीचा बोगदा काढला, तोही या जनावरांसाठीच. १७९९ मध्ये रशियन सेनापती सुवोरोव्ह फ्रेंचांशी लढत आपली फौज याच वाटेने उत्तरेकडे घेऊन गेला. गाडीचे चाक मात्र या खिंडीत नियमाने फिरू लागले ते एकोणिसाव्या शतकातच.

तो गाडीरस्ता १८३० च्या सुमारास सिद्ध झाला. त्याच वर्षी इकडे मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत आपल्या बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, हा योगायोग मला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आला आहे. कारण दोन्हीकडे प्रश्न एकच होता, की जुंपलेल्या घोड्याला जो चढ झेपेल त्याच चढाने डोंगर कसा ओलांडावा. तिचिनोचा अभियंता फ्रान्चेस्को मेस्कीनी याने त्याचे उत्तर वळणांनी दिले. ट्रेमोलाच्या अरुंद दरीत, सुमारे चार किलोमीटरांच्या अंतरात तीनशे मीटर उंची चढण्यासाठी त्याने दगडी ताली रचून चोवीस वळणे एकावर एक बसवली. आजच्या सायकलस्वाराला हे वळणांचे लोभस रेखाटन खास आपल्यासाठीच केले आहे असे वाटते. त्याचे खरे ऋण आहे ते टपालगाडीच्या घोड्यांच्या छातीचे. घोड्याचा दम आणि मनुष्याचा दम यांत फार तफावत नसावी, हे सायकलच्या इतिहासातील एक न लिहिलेले भाग्य होय. केवळ मोटारींसाठी आखलेले घाट चढून पाहावेत म्हणजे हा भेद पायांना कळतो.

१८४२ पासून या रस्त्यावर रोजची टपालगाडी सुरू झाली, आणि पुढली चाळीस वर्षे हा खिंडीचा वैभवकाळ ठरला. पाच घोड्यांची ती गाडी धूळ उडवीत वळणावरून खाली येत आहे आणि तिच्यापुढे एक भेदरलेले वासरू धावत आहे, हे रुडॉल्फ कोलर याचे १८७३ चे चित्र स्विस माणसाच्या मनावर कोरलेले आहे. गंमत अशी, की चित्र रंगवले गेले त्याच्या आगेमागेच त्या गाडीचा मृत्युलेख लिहिण्यास आरंभ झाला होता. १८७२ मध्ये खिंडीखालून पंधरा किलोमीटरांचा रेल्वे बोगदा खोदण्याचे काम निघाले. जिनिव्हाच्या लुई फाव्हर याने ते मक्त्याने घेतले. मुदत आणि दंड यांच्या कात्रीत तो सापडला, आणि १८७९ मध्ये बोगद्यातच त्याचा अंत झाला. बहुतांशी इटालियन असलेल्या मजुरांनी १८७५ मध्ये गोशेनन येथे संप केला तेव्हा शिबंदीच्या गोळीबारात त्यांतील चौघे ठार झाले. अपघातांनी गेले त्यांचा आकडा दोनशेच्या घरात जातो, आणि आतल्या उष्म्यात व घाणीत पसरलेल्या जंतांच्या रोगाने खंगलेल्यांची तर गणतीच नाही. १८८२ मध्ये आगगाडी धावू लागली. त्याबरोबर वरचा राजमार्ग ओस पडला. घोडे विकले गेले, वखारी बंद झाल्या, आणि ट्रेमोलाला त्याची पहिली शांतता लाभली. तिची किंमत कोणी मोजली हे वरील हकीकतीवरून ध्यानी यावे.

आता कालाचा मेळ पाहावा. १८८५ मध्ये इंग्लंडात दोन जवळजवळ समान चाकांची, साखळीची सायकल बाजारात आली. म्हणजे मनुष्याने स्वतःच्या बळावर चालवण्याजोगे चाक निर्माण झाले ते नेमके अशा वेळी, की आल्प्सचे काही उत्तमोत्तम रस्ते आगगाडीने रिकामे केलेले होते आणि मोटार अजून यावयाची होती. त्या काळच्या सायकलला बहुधा एकच दातेरी चक्र असे. फ्रान्समध्ये सांतेत्येनचा पॉल द व्हिव्ही हा ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने बदलत्या गिअरचा पुरस्कार आयुष्यभर करीत राहिला, पण गिअर हे दुबळ्यांचे साधन असे मानणाऱ्यांचा पक्ष इतका प्रबळ, की ‘टूर द फ्रान्स’ शर्यतीत ते सर्वांस वापरण्याची मुभा १९३७ पर्यंत मिळाली नाही. स्विस लष्कराने तर १८९१ मध्ये सायकलस्वारांची पथके उभारली, आणि १९०५ च्या नमुन्याची वीस किलोंहून जड, एकाच गिअरची सायकल जवानांच्या हाती जवळजवळ नव्वद वर्षे कायम ठेवली. ही पथके २००३ मध्ये मोडली. इतक्या डोंगराळ देशाने इतकी जड सायकल इतका काळ चालवावी, यात काटकसर किती आणि हट्ट किती हे सांगणे कठीण आहे.

मोटार आली ती विरोधातच आली. शेजारच्या ग्राउब्युन्डन परगण्याने १९०० मध्ये आपल्या सर्व रस्त्यांवर मोटारींना बंदी घातली, आणि लोकांचा कौल पुनःपुन्हा, एकंदर दहा वेळा घेतल्यानंतर १९२५ मध्ये ती उठली. ‘मोटारमुक्त घाट’ ही कल्पना आजच्या पर्यावरणवाद्यांची समजणाऱ्यांनी हा दाखला लक्षात ठेवावा. त्या शेतकऱ्यांना निसर्गाचा पुळका नव्हता, आपली गुरे बुजतात आणि धूळ गवतावर बसते एवढेच त्यांना ठाऊक होते. गॉटहार्डवर मात्र मोटारीने लवकरच जम बसवला. दुसऱ्या महायुद्धानंतर तिची गर्दी एवढी वाढली की चोवीस वळणांचा रस्ता उन्हाळ्यात पुरेनासा झाला. मग दरीच्या दुसऱ्या अंगाने पुलांवरून व आच्छादित मार्गांतून जाणारा रुंद रस्ता बांधण्यात आला, आणि ५ सप्टेंबर १९८० रोजी जवळजवळ सतरा किलोमीटर लांबीचा मोटार बोगदा खुला झाला. ट्रेमोला दुसऱ्यांदा निवृत्त झाला.

याच खटाटोपात सैतानाच्या शिळेचा निकाल लागला. महामार्ग गोशेननजवळ नेमका तिच्यावरून जात होता. तेव्हा १९७७ मध्ये २२० टन वजनाची ती शिळा १२७ मीटर बाजूला सरकवण्यात आली. पूल फोडण्यास जी सैतानाच्याने नेववली नाही, ती रस्ते खात्याने एका अंदाजपत्रकात बसवली.

आज आयरोलो गावाहून निघालेला सायकलस्वार साधारण साडेबारा किलोमीटरांत सव्वानऊशे मीटर चढून खिंडीवर पोहोचतो. खालून मोटारींचा प्रवाह बोगद्यातून जात असतो. सुट्टीच्या दिवसांत त्याच्या तोंडाशी मैलोगणती रांगा लागतात, आणि त्याच्याही पुष्कळ खालून २०१६ पासून ५७ किलोमीटरांच्या नव्या बोगद्यातून आगगाडी धावते. असे एकाखाली एक थर साचत गेले आणि प्रत्येक नव्या थराने वरच्याला हलके केले. आमच्याकडे द्रुतगती महामार्ग झाल्यावर जुना बोरघाट मात्र असा मोकळा झाला नाही, कारण तिथे वर्दळ वाटली गेली, वळली नाही. शिवाय द्रुतगतीवर सायकलीला मज्जाव असल्याने तिला जुन्या रस्त्याच्या गर्दीखेरीज दुसरी वाट उरली नाही. आल्प्समधल्याच स्टेल्व्हिओसारख्या घाटांत, जिथे खालून बोगदाच नाही, वर्षातून एखादा दिवस मोटारी थांबवून रस्ता सायकलींना देण्याचा उपाय करावा लागतो. तो दिवस सायकलस्वारांच्या मोठ्या लोंढ्याने साजरा होतो, आणि शांतता शोधणाऱ्याने त्या दिवशी तिकडे न फिरकलेले बरे.

ट्रेमोलाची फरसबंदी ग्रॅनाइटच्या घडीव चौकोनी चिऱ्यांची आहे. हिवाळ्यातील बर्फ हे चिरे उखडून टाकतो आणि उन्हाळ्यात ते पुन्हा बसवावे लागतात. ज्या रस्त्यावरून आता व्यापाराचा एक नगही जात नाही, त्याच्यावर सरकारी तिजोरीतून असा खर्च चालू आहे, आणि ऐतिहासिक वारसा म्हणून तो मंजूरही होतो. चढताना या चिऱ्यांचे कौतुक करणारे सायकलस्वार उतरताना मात्र मनगटे हादरवून घेण्यास फारसे राजी नसतात. पुष्कळजण परतीला पलीकडचा नवा डांबरी रस्ताच धरतात.