घोडबंदरचे घोडे आणि कमावलेली कातडी

घोडबंदर या नावातले घोडे आता कोणाला आठवत नाहीत. वसईच्या खाडीकाठच्या या बंदरात पोर्तुगीज काळात अरबी घोडे उतरत, त्यांची खरेदी-विक्री होई आणि त्यावरूनच गावाला नाव मिळाले, असे परंपरा सांगते. १७३७ मध्ये चिमाजीअप्पांच्या मोहिमेत इथला किल्ला मराठ्यांकडे आला. घोडा आला की खोगीर आले, लगाम आला, रिकिबीचे पट्टे आले. म्हणजे चामडे आलेच. पण हे सगळे चामडे घोड्याच्या अंगावर होते. स्वाराच्या अंगावर काय होते, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही.

आज त्याच बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर स्वारांची वाण नाही. माजिवड्याहून निघाले की मानपाडा, वाघबीळ, कासारवडवली आणि गायमुखचा घाट ओलांडून सुमारे २० किलोमीटरवर घोडबंदर येते. एका अंगाला येऊरचा डोंगर, दुसऱ्या अंगाला संकुलांचे मनोरे, मध्ये मेट्रोचे खांब आणि न्हावाशेवा बंदराहून गुजरातकडे जाणारे कंटेनर. या गर्दीत रविवारी पहाटे लेदर जॅकेट घातलेले मोटारसायकलस्वार दिसतात. जॅकेट रुबाबदार असते. पण ते नक्की कशासाठी आहे, हे अनेकदा घालणाऱ्यालाही माहीत नसते. त्याचे कारण या वस्त्राच्या इतिहासात आहे.

दख्खनच्या स्वाराने संरक्षणासाठी चामडे नाकारले नव्हते. म्हशीच्या कातड्याच्या ढाली होत्याच. पण अंगात घालायचे म्हटले की तो कापसाकडे वळे. आत कापूस भरून दाट शिवलेले जाड अंगरखे इथल्या घोडदळात सर्रास वापरले जात. उन्हाळ्याच्या देशात दिवसभर खोगिरावर बसणाऱ्याने शोधलेला तो उपाय होता: घाव थोपवणारा, पण घाम शोषणारा. ही गोष्ट पुढे पुन्हा उपयोगी पडणार आहे.

मोटारसायकलच्या चामडी जॅकेटाचा जन्म मात्र थंडीत झाला. न्यूयॉर्कच्या आयर्विंग शॉट यांनी १९२८ मध्ये पहिले खास मोटारसायकलसाठीचे जॅकेट काढले. आपल्या आवडत्या सिगारच्या नावावरून त्याला ‘परफेक्टो’ म्हटले आणि ते साडेपाच डॉलरला हार्ले-डेव्हिडसनच्या विक्रेत्याकडे ठेवले. सुरुवातीची ही जॅकेटे घोड्याच्या कातड्याची होती, हा योगायोग घोडबंदरच्या माणसाला गमतीचा वाटेल. बटणांऐवजी चेन, तीही तिरकी. म्हणजे पुढे वाकून बसल्यावर पोटाशी गोळा होत नाही आणि वारा आत शिरत नाही. सारी अक्कल वाऱ्याविरुद्ध खर्चलेली. पडल्यावर काय होईल, याचे मोजमाप त्या काळात कोणी केले नव्हते.

मग १९५३ मध्ये ‘द वाइल्ड वन’ हा चित्रपट आला आणि मार्लन ब्रँडोच्या अंगावरच्या जॅकेटाने वस्तूचा अर्थच बदलला. ब्रिटनमध्ये सेन्सॉरने हा चित्रपट १९६७ पर्यंत अडवून धरला होता, त्यामुळे त्या जॅकेटाचा दबदबा वाढलाच. थंडीचे वस्त्र बंडखोरीचा गणवेश झाले. आपल्याकडे हे जॅकेट पोहोचले ते प्रामुख्याने या रूपात, पडद्यावरून. कारखान्यातून किंवा रस्त्यावरच्या गरजेतून नव्हे. माझ्या मते आपल्या खरेदीतला मूळ घोटाळा इथेच आहे: आपण चित्र विकत घेतो आणि कवच घेतले असे समजतो.

संरक्षणाचा हिशेब फार उशिरा सुरू झाला. अमेरिकेत हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. अहवाल १९८१ मध्ये आला. अपघातापूर्वीचा मध्यक वेग ताशी जेमतेम ४८ किलोमीटर आणि प्रत्यक्ष आदळतानाचा सुमारे ३५ किलोमीटर निघाला. म्हणजे हायवेवरचा सुसाट वेग नव्हे, घोडबंदर रोडवरचा रोजचा वेग. ताशी ५० किलोमीटरवर पडलेला माणूस डांबरावर साधारण १५ मीटर, दोन सेकंदांहून थोडा जास्त वेळ फरफटतो. वेग ८० असेल तर अंतर ४० मीटरच्या जवळ जाते आणि वेळ साडेतीन सेकंदांवर. जॅकेटाला टिकायचे असते ते एवढ्या सेकंदांपुरते.

हे सेकंद मोजायचे यंत्र केंब्रिजमध्ये रॉडरिक वुड्स यांनी घडवले. पळत्या खरखरीत पट्ट्यावर कापडाचा तुकडा आदळायचा आणि भोक पडायला किती वेळ लागतो ते पाहायचे. त्यातून ‘ईएन १३५९५’ हे युरोपीय मानक आले. खांदे, कोपर अशा सर्वाधिक धोक्याच्या जागी पहिल्या पातळीला ४ सेकंद आणि दुसऱ्या पातळीला ७ सेकंद टिकणे आवश्यक. साधे डेनिम या यंत्रावर एका सेकंदाच्या आसपास हार मानते. या जागी आता ‘ईएन १७०९२’ आले आहे. त्यात ‘एएए’, ‘एए’ आणि ‘ए’ असे उतरते वर्ग आहेत आणि चाचणीचा वेग अनुक्रमे सुमारे १२०, ७० व ४५ किलोमीटरच्या बरोबरीचा धरला जातो. ‘बी’ वर्गाच्या वस्त्रात आघात झेलणारे पॅड नसतात.

मानके झाली तरी शिवणीचा प्रश्न राहतोच. २०११ मध्ये लिझ द रोम आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियात अपघात झालेल्या २१२ स्वारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. संरक्षक जॅकेट घातलेल्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याची शक्यता कमी आढळली, हे खरे; पण त्याच अभ्यासात जवळजवळ ३० टक्के जॅकेटे अपघातात फाटली किंवा निकामी झाली होती. तेव्हा ‘लेदर आहे’ एवढ्यावर समाधान मानता येत नाही.

आता हे लेदर येते कुठून, ते पाहू. ठाण्याहून तासाभरावरच्या धारावीत १८८७ च्या सुमारास कातडी कमावण्याचे कारखाने आले. वांद्र्याचा कत्तलखाना जवळ होता, खाडीचे पाणी होते आणि शहराच्या दृष्टीने हा ‘घाण’ धंदा वेशीबाहेर पडत होता. तमिळ मुलखातून आलेले मुस्लिम व्यापारी आणि कारागीर, महाराष्ट्रातले ढोर आणि चर्मकार, पुढे उत्तर प्रदेश-बिहारचे शिवणकारागीर अशा अनेकांच्या हातांनी तो वाढला. १९७१ मध्ये कत्तलखाना देवनारला गेला. पुढे प्रदूषणाच्या नियमांमुळे टॅनरीही हटल्या. आज संत रोहिदास मार्गावर जी दुकाने आहेत, त्यांच्यामागच्या गल्ल्यांतून मुख्यतः कापणे आणि शिवणे चालते. कमावलेले चामडे चेन्नई, कानपूर, कोलकात्याहून येते.

‘कमावणे’ हे आपले क्रियापद पाहा. पैसा कमावतात, शरीर कमावतात आणि कातडेही कमावतात. बाभळीची साल आणि सह्याद्रीतला हिरडा यांच्या पाण्यात आठवडेच्या आठवडे मुरवून कोल्हापुरी चपलेचे चामडे तयार होते. ते ताठ आणि चिवट असते, तळव्याला उत्तम. जॅकेटाला मऊपणा हवा, म्हणून तिथे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले चामडे वापरतात. ही पद्धत १८८४ मध्ये अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांच्या पेटंटमुळे व्यवहारात आली. असे चामडे उष्णतेलाही अधिक टिकते. ज्या हातांनी हे सारे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले त्यांना गावकुसाबाहेर ठेवले गेले, आणि त्यांनीच घडवलेली वस्तू अंगावर चढली की प्रतिष्ठेची झाली. जॅकेटाच्या कौतुकात हे विसरू नये.

महाराष्ट्रात १९९५ मध्ये संमत झालेल्या दुरुस्तीला मार्च २०१५ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. धारावीच्या धंद्याला त्याची झळ बसली. बाजारात राहिले ते म्हशीचे, बकरीचे आणि मेंढीचे चामडे. फॅशनची बहुतेक जॅकेटे मेंढीच्या नाप्पाची असतात: लोण्यासारखी मऊ, पण साधारण ०.६ ते ०.८ मिलिमीटर जाड. अंगावर छान बसतात, डांबरावर टिकत नाहीत. स्वारीसाठी गाय किंवा म्हशीचे १.१ ते १.४ मिलिमीटरचे चामडे लागते, आणि तेही कातड्याच्या वरच्या मूळ थराचे. चिरून काढलेल्या खालच्या थरावर रंगाचा मुलामा दिला की ते दिसायला चकचकीत होते, म्हणून आतली बाजू आणि कापलेली कड पाहिल्याशिवाय किंमत विचारू नये. खांदा आणि कोपर यांवरची शिवण दुहेरी-तिहेरी आहे का, दोरा नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा आहे की सुती, हेही तिथेच कळते. सुती दोरा आधी झिजतो आणि शाबूत चामडे उसवून उघडे पडते. पॅडवर ‘ईएन १६२१’ आणि पातळीचा आकडा छापलेला असतो. ५० जूलच्या आघातातून पलीकडे जाणारे सरासरी बल पहिल्या पातळीला ३५ किलोन्यूटनपर्यंत, दुसऱ्या पातळीला २० पर्यंत चालते. आकडा नसलेला स्पंजचा तुकडा म्हणजे निव्वळ खोगीरभरती. जॅकेट आरशासमोर उभे राहून नव्हे, गाडीवर बसून, हात हँडलला लावून घालून पाहावे. कोपराचे पॅड बोटांनी फिरवले तर फिरते का? फिरत असेल तर पडताना ते कोपरावर नसेल.

आणि हवा? लेदरच्या बाजूने बोलणारे इथे गप्प होतात. २०१८ पासून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ‘मोटोकॅप’ ही व्यवस्था संरक्षक कपड्यांना सुरक्षिततेबरोबर उष्णतेतल्या सोयीचेही गुण देते. आपल्यासारख्या हवामानात दुसरा आकडा पहिल्याइतकाच मोलाचा आहे, कारण नकोसे होऊन डिकीवर बांधलेले जॅकेट कोणाचेच रक्षण करत नाही. ठाण्याच्या पावसाळ्यात चामडे पाणी पिते, जड होते आणि कपाटात त्याला बुरशी धरते. ते सावलीत वाळवून, तेल देऊन जपावे लागते. म्हणून रोज वाघबीळहून कापूरबावडीला जाणाऱ्याने जाळीदार कापडाचे, पण दुसऱ्या पातळीचे पॅड असलेले जॅकेट घ्यावे आणि लेदर डिसेंबर-जानेवारीतल्या लांबच्या दौऱ्यासाठी ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. दख्खनच्या स्वाराने कापूस निवडला तो याच हिशेबाने. अर्थात कंटेनरच्या चाकाखाली गेलेल्याला ना कापूस वाचवतो ना कातडे. जॅकेटाचे काम घसरण्यापुरते आणि आघात थोडा बोथट करण्यापुरतेच आहे.

घसरायला इथे निमित्ते पुष्कळ. मेट्रोच्या पत्र्यांलगत सांडलेली रेती, बसलेले पेव्हर ब्लॉक, पहिल्या पावसात डांबरावर तरंगणारे तेल आणि गायमुखच्या वळणावर खड्डा चुकवताना अचानक दाबलेला ब्रेक. तिथला वेग क्वचितच ४० च्या वर असतो.