अर्भकाच्या उदरातील विद्रधी

जो रुग्ण आपले दुखणे सांगू शकत नाही त्याचे पोट दुखते हे ओळखावे कसे, हा वैद्यकापुढील फार जुना पेच आहे. आणि नेपाळात सापडून १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या काश्यपसंहितेच्या वेदनाध्यायात उदरशूलाची जी लक्षणे दिली आहेत, म्हणजे मूल स्तन सोडून रडते, पोट ताठते, अंग गार पडून तोंडावर घाम येतो, ती आजच्या नवजात-कक्षातील परिचारिकेलाही ओळखीची वाटतील.

अशा पोटदुखीमागे कधी विद्रधी, म्हणजे पुवाने भरलेले गळू, असतो आणि त्याची वाट बेंबीपासून सुरू होऊ शकते. चरकाने नाळ बेंबीपासून आठ अंगुळे राखून सोन्याच्या, रुप्याच्या किंवा लोखंडाच्या शस्त्राने छेदावी असे सांगितले, आणि बेंबी पिकलीच तर लोध्र, ज्येष्ठमध, हळद इत्यादींनी सिद्ध केलेले तेलही सुचविले. परंतु प्रत्यक्षात हा सारा कारभार सुईणीकडे, आणि तिच्या विळ्याची नोंद कोणत्याच दप्तरात नाही. नाळेतील शीर थेट यकृताकडे जाते व जन्मानंतर काही दिवस ती पुरती मिटत नाही, त्यामुळे बेंबीत शिरलेल्या जंतूंना यकृतात जायला परवाना लागत नाही.

१९४७ च्या सुमारास बोस्टनच्या लुई डायमंड यांनी याच शिरेत प्लास्टिकची नळी घालून, आईशी रक्तगट न जुळल्यामुळे काविळीने पिवळ्या पडलेल्या अर्भकांचे रक्त बदलण्याची रीत रूढ केली. त्या नळीने असंख्य जीव वाचले आणि क्वचित एखाद्याच्या यकृतात विद्रधीही झाला. त्याबद्दल डायमंड यांना बोल लावणे कृतघ्नपणाचे होईल, कारण ती नळी नसती तर यांतील कित्येक बालके विद्रधी होण्याइतकीही जगली नसती.

निदान मात्र दीर्घकाळ बहुधा शवविच्छेदनाच्या मेजावरच होई. ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयान डोनाल्ड यांनी १९५८ साली पोटातील गाठी ध्वनिलहरींनी पाहण्याविषयी निबंध प्रसिद्ध केला, आणि पुढे असे पाहणारे सोनोग्राफीचे यंत्र पाळण्याशेजारी आले तेव्हा यकृतातील पुवाची काळसर पोकळी जिवंत बालकात दिसू लागली. पूर्वी जेथे पोट उघडावे लागे तेथे आता पडद्यावर पाहत सुईने पू काढतात, तो जंतुतपासणीला धाडतात आणि कित्येक आठवडे प्रतिजैविके देतात. शस्त्रक्रियेची वेळ थोड्यांवरच येते. बेंबीत नळी घातलेल्या ज्या बालकाचा जंतुदोष औषधांना दाद देत नाही, त्याच्या यकृताची सोनोग्राफी विनाविलंब करावी.