तेलतवंगाचे रासायनिक अपस्करण

समुद्रात सांडलेल्या खनिज तेलाचा तवंग रसायने फवारून फोडणे व त्याचे सूक्ष्म थेंब पाण्यात विखुरणे, या प्रक्रियेस रासायनिक अपस्करण म्हणतात. अपस्कारकात पृष्ठक्रियाशील पदार्थ व विद्रावक असतात. पृष्ठक्रियाशील रेणूचे एक टोक जलस्नेही, तर दुसरे तेलस्नेही असते. त्यामुळे हे रेणू तेल व पाणी यांच्या सीमेवर जमतात, तेथील ताण कमी होतो आणि लाटांच्या घुसळणीने तवंग फुटतो. सु. ७० मायक्रोमीटरपेक्षा लहान थेंब सहसा वर येत नाहीत. सूक्ष्मजंतू त्यांचे हळूहळू अपघटन करतात. तवंग दिसेनासा झाला, तरी तेल नाहीसे झालेले नसते. ते खालच्या पाण्यात गेलेले असते.

या उपायाची पहिली मोठी कसोटी ब्रिटनमध्ये लागली. १८ मार्च १९६७ रोजी कुवेतचे सु. १,१९,००० टन अशोधित तेल नेणारे ‘टॉरी कॅन्यन’ हे जहाज कॉर्नवॉल व सिली बेटे यांमधील सेव्हन स्टोन्स या खडकांवर आदळले. उरलेले तेल जाळण्यासाठी विमानांतून बाँबही टाकण्यात आले. कॉर्नवॉलचा किनारा पर्यटनावर अवलंबून असल्याने तो लवकर स्वच्छ दिसावा, ही निकड होती. त्यापायी समुद्रावर व किनाऱ्यावर मिळून सु. १०,००० टन प्रक्षालके वापरली गेली. ही औद्योगिक सफाईची द्रव्ये असून त्यांतील ॲरोमॅटिक विद्रावक अत्यंत विषारी होते. प्लिमथ येथील सागरी जीववैज्ञानिकांच्या पाहणीत तेलापेक्षा प्रक्षालकांनीच किनाऱ्यावरील जीवांची अधिक हानी केल्याचे आढळले. खडकांना चिकटून राहणारे व शैवलावर जगणारे लिंपेट हे शंखधारी प्राणी मोठ्या संख्येने मेले. चरणारेच न उरल्याने खडक प्रथम हिरव्या व मग तपकिरी शैवलांनी झाकले गेले. गॉड्रेव्ही येथे सीलांच्या रक्षणासाठी प्रक्षालके वापरली नव्हती. तेथील जीवसृष्टी दोन-तीन वर्षांत सावरली. प्रक्षालकांचा भरपूर मारा झालेल्या पोर्थलेव्हन येथे मात्र त्यास दहा वर्षांहून अधिक काळ लागला. हा प्रयोग कोणी योजिलेला नव्हता. परंतु योजूनही याहून स्पष्ट तुलना क्वचितच मिळाली असती.

पुढे कमी विषारी अपस्कारके तयार झाली. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या वेधन-मंचावर स्फोट होऊन ११ कामगार ठार झाले व समुद्रतळाच्या विहिरीतून तेल वाहू लागले. तेथे सु. ७० लक्ष लिटर अपस्कारक वापरले गेले. त्यांपैकी सु. २९ लक्ष लिटर सु. १,५०० मी. खोलीवर विहिरीच्या तोंडाशीच सोडण्यात आले. इतक्या खोलीवर असा वापर पूर्वी झाला नव्हता. वापर थांबल्यानंतर दोन महिन्यांनीही त्यातील एक घटक खोल पाण्यात आढळला. अपस्कारकाने तेलाचे जैव अपघटन खरोखर वेगाने झाले काय, याविषयी संशोधकांत एकमत नाही.

अपस्करणाने समुद्रपक्षी व किनारे वाचतात. त्याची किंमत माशांची अंडी, डिंभ व प्लवक यांना मोजावी लागते. खोल, खुल्या समुद्रात थेंब लवकर विरळ होतात. प्रवाळभित्ती, खारफुटी वा बंदिस्त खाड्या यांजवळील उथळ पाण्यात तसे होत नाही, म्हणून तेथे फवारणी सामान्यतः टाळतात. शिवाय हलके घटक उडून जाऊन व पाणी मिसळून तेल घट्ट झाले की, अपस्कारकाचा उपयोग फारसा होत नाही. त्यामुळे निर्णय बहुधा पहिल्या काही तासांत वा दिवसांतच घ्यावा लागतो.