स्वयंप्रतिकार यकृतदाह : संशय रक्तातून, खात्री ऊतीतून

कावीळ झाली की आपल्याकडे पहिला संशय दूषित पाण्यावर जातो आणि पुष्कळदा तो खराही ठरतो. मात्र हिपॅटायटिसच्या विषाणूंचा मागमूस नसतानाही यकृताची विकरे महिनोन्महिने वाढलेलीच राहिली, तर वेगळ्या आजाराचा विचार करावा लागतो. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतपेशींवर हल्ला चढवते, तो हा स्वयंप्रतिकार यकृतदाह, म्हणजेच ऑटोइम्यून हिपॅटायटिस. तो कोणत्याही वयात होऊ शकतो. स्त्रियांमध्ये मात्र पुरुषांच्या तुलनेत तीन ते चार पट अधिक आढळतो.

त्याची लक्षणे फसवी असतात. थकवा, सांधेदुखी, अन्नावरची वासना उडणे, पाळी अनियमित होणे अशा तक्रारींवरून यकृताची आठवण सहसा कोणाला होत नाही. काहींना तर कोणताच त्रास जाणवत नाही. परिणामी सुमारे एकतृतीयांश रुग्णांमध्ये निदान होते तेव्हा सिरॉसिस झालेला असतो.

स्वीडनचे वैद्यक यान वाल्डेनस्ट्रॉम यांनी १९५० मध्ये तरुण स्त्रियांमधील दीर्घकालीन यकृतदाहाचे वर्णन करताना रक्तातील गॅमा ग्लोब्युलिन वाढल्याची नोंद केली होती. आजही एसजीओटी व एसजीपीटीबरोबर ‘आयजीजी’चे प्रमाण पाहिले जाते. ‘एएनए’ व ‘एसएमए’ ही प्रतिपिंडे शोधली जातात. मुलांमध्ये ‘एलकेएम-१’ची चाचणी विशेष महत्त्वाची ठरते. तथापि ‘एएनए’ निरोगी माणसातही सापडू शकते. केवळ त्या एका अहवालावरून घाबरून जाण्याचे कारण नाही.

खात्री होते ती यकृताच्या तुकड्यावरून. सोनोग्राफीच्या साहाय्याने उजव्या बरगड्यांमधून सुई घालून बारीक धाग्यासारखा नमुना काढतात. रक्त गोठण्यात दोष असल्यास मानेतील शिरेतून यकृतापर्यंत पोहोचता येते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता, रक्तवाहिन्या व पित्तनलिका जेथे एकत्र असतात त्या पोर्टल क्षेत्राची सीमा लसिकापेशी आणि प्लाझ्मा पेशींनी कुरतडलेली दिसते. यालाच ‘इंटरफेस हिपॅटायटिस’ म्हणतात. यकृतपेशींची गुलाबपुष्पासारखी वर्तुळाकार मांडणीही कधी आढळते.

तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २००८ मध्ये मांडलेल्या सुटसुटीत गुणपद्धतीत प्रतिपिंडे, आयजीजी, ऊतिचित्र आणि विषाणूंचा अभाव या चार बाबींना प्रत्येकी कमाल दोन गुण आहेत. सहा गुणांना ‘संभाव्य’, सात किंवा अधिक गुणांना ‘निश्चित’ निदान मानतात. म्हणजेच बायोप्सी टाळली, तर गुणांची बेरीज सहाच्या पुढे जाऊच शकत नाही.

अर्थात ऊतीचे चित्रही एकट्याने निकाल देत नाही. काही औषधांमुळे होणारी इजा हुबेहूब अशीच दिसते. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेलीच्या सेवनानंतर असा यकृतदाह झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. हा वाद काहीही असो, घेतलेली प्रत्येक गोळी, काढा व चूर्ण डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे.

प्रेडनिसोलोन आणि अझाथायोप्रिन या औषधांनी आजार बहुधा आटोक्यात येतो, पण उपचार अनेक वर्षे चालतात. शिवाय हिपॅटायटिस ‘बी’ दडलेला असल्यास स्टेरॉइडमुळे तो उसळू शकतो. स्टेरॉइडने ऊतीचे चित्रही बदलते. त्यामुळे रुग्णाची प्रकृती साथ देत असेल, तर तुकडा तपासणीसाठी आधी घेतला जातो आणि औषध नंतर सुरू होते.