महासाथ आणि शस्त्रक्रियागृहातील माणसांचे मन

परळच्या आचार्य दोंदे मार्गावर उभे राहिले की मुंबईतील साथींचा सव्वाशे वर्षांचा इतिहास नजरेच्या टप्प्यात येतो. प्लेगची लस तयार करणाऱ्या वाल्देमार हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ साली येथील जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. जवळच १९२६ पासूनचे केईएम, लहान मुलांचे वाडिया आणि थोड्या अंतरावर १९४१ साली सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनाची महासाथ मुंबईत शिरली तेव्हा सर्वांचे लक्ष अतिदक्षता विभाग आणि कृत्रिम श्वसनयंत्रांकडे लागले, आणि ते स्वाभाविकच होते. परंतु याच इमारतींमधील शस्त्रक्रियागृहांत काम करणाऱ्या शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, परिचारिका, तंत्रज्ञ, मामा आणि मावशी यांच्या मनावर या काळाने केलेला आघात वेगळ्या जातीचा होता. त्याची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली.

शल्यचिकित्सकाचा पेशा हाताचा आहे. रोग दिसतो, तो काढून टाकता येतो, आठवड्याभरात रुग्ण चालत घरी जातो. या स्वच्छ हिशेबातून त्याला मनाचे बळ मिळत असते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २० मार्च २०२० रोजी तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याची सूचना रुग्णालयांना केली आणि हा हिशेब विस्कटला. हर्निया, पित्ताशयातील खडे, सांधेरोपण, सारेच थांबले. साथीच्या पहिल्या बारा आठवड्यांच्या तीव्र काळात जगभरात सुमारे २ कोटी ८४ लाख नियोजित शस्त्रक्रिया रद्द झाल्या वा लांबल्या असाव्यात, असा अंदाज 'कोविडसर्ज' या आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने मांडला. अशा यादीतील रुग्णाला 'नंतर या' असे सांगण्याचे काम बहुधा निवासी डॉक्टरच्याच वाट्याला येते, आणि ते 'नंतर' म्हणजे केव्हा, हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते.

मग शस्त्रक्रिया करावी की थांबावे? याच अभ्यासगटाने मे २०२० मध्ये २४ देशांतील १,१२८ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. शस्त्रक्रियेच्या आगेमागे कोरोनाची लागण झालेल्यांपैकी २३.८ टक्के रुग्ण तीस दिवसांच्या आत दगावले होते. म्हणजे जवळजवळ चारांतील एक. शस्त्रक्रिया केली आणि रुग्णाला संसर्ग झाला, तर 'मी हात लावला नसता तर तो जगला असता' ही टोचणी. थांबलो आणि कर्करोगाची गाठ वाढली, तर 'मी हात का लावला नाही' ही टोचणी. दोन्ही बाजूंनी अपराधभावच पदरी येणार, अशी ही कोंडी होती.

मानसशास्त्रात अशा अवस्थेला 'नैतिक जखम' म्हणतात. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करताना जोनाथन शे या मनोविकारतज्ज्ञाने ही कल्पना पुढे आणली. जे योग्य आहे असे मन सांगते ते करता न आल्याने, किंवा त्याच्या उलट करावे लागल्याने ती होते. ती भीतीहून निराळी असते आणि संसर्गाचा धोका ओसरला तरी भरून येत नाही. अतिश्रमाने येणारी रिक्तता, म्हणजे 'बर्नआउट', हीसुद्धा वेगळी गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तिची नोंद आजार म्हणून न करता कामाशी निगडित स्थिती म्हणून केली. रुग्णाच्या बाबतीत काही विपरीत घडले की उपचार करणाराही कोलमडतो, त्याला अल्बर्ट वू यांनी २००० साली 'दुसरा बळी' म्हटले होते. महासाथीत ही तिन्ही ओझी एकाच माणसाच्या खांद्यावर आली.

टाटा रुग्णालयाचा अनुभव या संदर्भात आवर्जून पाहण्याजोगा आहे. देशभरातून येणारे कर्करुग्ण आणि त्यांचे नातेवाईक परळ-दादरच्या धर्मशाळांत, जागा न मिळाल्यास पदपथावर राहतात; त्यांना टाळेबंदीत परत पाठवणार तरी कोठे? रुग्णालयाने कर्करोगाच्या शस्त्रक्रिया चालू ठेवल्या. २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या काळात ४९४ मोठ्या नियोजित शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांनंतर एकही रुग्ण दगावला नाही, हे तेथील डॉक्टरांनी 'ॲनल्स ऑफ सर्जरी' या नियतकालिकात नोंदवले. या आकड्याचा वैद्यकीय अर्थ तज्ज्ञांनी लावलाच आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. आपले काम करता येणे हाच त्या काळात मनाला मोठा आधार होता.

ते काम सोपे मात्र नव्हते. पीपीई किट चढवले की चष्म्यावर वाफ धरते, दुहेरी हातमोज्यांत बोटांचा स्पर्श बोथट होतो. पाणी नाही, स्वच्छतागृह नाही. भूलतज्ज्ञ श्वासनलिकेत नळी घालीत असताना संसर्गाचा धोका सर्वाधिक, म्हणून त्या वेळी बाकीच्यांनी बाहेर थांबायचे. एखादे उपकरण राहिले तर धावत जाऊन आणण्याची सोय नाही, त्यामुळे सिस्टरने आधीच सारे मोजून आत घ्यायचे. शस्त्रक्रियागृहात वर्षानुवर्षे अर्ध्या शब्दावर, नुसत्या डोळ्यांच्या खुणेवर काम चालते. मुखपट्टी आणि फेसशील्डच्या आड तो अर्धा शब्दही ऐकू येईना. चहाच्या वेळचे बोलणे, चेष्टामस्करीही बंद झाली. एरवी ताण हलका होण्याचे हेच तर ठिकाण.

काम संपवून घरी जायचे म्हटले तर लोकल २३ मार्चपासून बंद. अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी ती सुरू झाली १५ जूनला. तोवर बेस्टच्या बसचाच आधार. लालबाग-परळच्या चाळीतील दहा बाय बाराच्या खोलीत, सामाईक नळ आणि सामाईक शौचालय असताना विलगीकरण करायचे तरी कसे? चाळीचा शेजार संकटात धावून येतो, हे खरे. तोच शेजार त्या दिवसांत गॅलरीतून जाताना दार लोटून घेई, हेही खरे.

निवासी डॉक्टरांचे नुकसान अधिक खोल होते. एम.एस.ची तीन वर्षे ही हात घडण्याची वर्षे. अस्थिरोग किंवा सामान्य शल्यचिकित्सेच्या विद्यार्थ्याने ती कोविड कक्षात प्राणवायूची पातळी नोंदवण्यात घालवली. त्यात १८ एप्रिल २०२१ ची नीट-पीजी पुढे ढकलली जाऊन ११ सप्टेंबरला झाली आणि प्रवेशफेऱ्या १२ जानेवारी २०२२ रोजी सुरू झाल्या. तोवर नवी तुकडी नाही, म्हणजे तीन तुकड्यांचे काम दोघींवर. डिसेंबर २०२१ मध्ये निवासी डॉक्टर संपावर गेले ते याच कारणाने.

दुसऱ्या लाटेने आणखी एक कठोर प्रसंग आणला. कोरोनातून वाचलेले रुग्ण म्युकरमायकोसिस घेऊन परत आले. बुरशी मेंदूकडे सरकू नये म्हणून कान-नाक-घसा, नेत्र आणि दंतशल्य विभागांतील डॉक्टरांना वरचा जबडा, कधी आख्खा डोळा काढावा लागला. मे २०२१ मध्ये ॲम्फोटेरिसिन-बी या औषधाचाही तुटवडा होता. नुकत्याच घरी परतलेल्या माणसाला 'डोळा काढावा लागेल' असे सांगणे कोणत्याही पाठ्यपुस्तकात शिकवीत नाहीत.

समाजाने आणि शासनाने काय दिले? २२ मार्चला थाळ्या वाजल्या. ३ मे २०२० रोजी वायुदलाच्या हेलिकॉप्टरने केईएमवर पुष्पवृष्टी केली. छायाचित्रे छान आली. ३० मार्चपासून पन्नास लाखांचे विमासंरक्षण मिळाले, पण ते मृत्यूसाठी. प्लेगच्या काळात, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी झालेल्या साथरोग कायद्यात २२ एप्रिल २०२० च्या अध्यादेशाने आरोग्यसेवकांवरील हल्ल्यासाठी पाच वर्षांपर्यंत, गंभीर इजा झाल्यास सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. हे सारे आवश्यकच होते. परंतु जो मेला नाही, ज्याला कोणी मारले नाही, पण ज्याची झोप गेली, त्याची नोंद कोणत्या रकान्यात करायची?

अशी नोंद पुढेही लागते. टोरांटोमध्ये २००३ च्या 'सार्स'नंतर वर्ष-दोन वर्षांनी पाहणी झाली, तेव्हा सार्सचे रुग्ण सांभाळलेल्या रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांमध्ये मानसिक त्रास आणि रिक्तता इतरांपेक्षा अधिक आढळली. सतत उचटणारी झोप, एखाद्या रुग्णाचा चेहरा पुन्हापुन्हा डोळ्यांपुढे येणे, शस्त्रक्रियागृहात जाण्याची टाळाटाळ, सहकाऱ्यांवर अकारण डाफरणे, झोपेच्या गोळ्यांची सवय ही लक्षणे आठवडेच्या आठवडे टिकली तर मदत घ्यावी.

येथेच खरी अडचण येते. मोठ्या रुग्णालयांत मनोविकार विभाग असतो, पण आपल्याच रुग्णालयात केसपेपर काढून त्या बाकावर बसायचे म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या ओटीला कळणार. 'सर्जनला असले काही होत नाही' ही समजूत वरिष्ठांपासून खाली झिरपलेली. म्हणून बाहेरची, नाव उघड न करणारी सोय हवी आणि विभागप्रमुखाने आपल्या अनुभवाबद्दल प्रथम बोलावे. कनिष्ठांचे तोंड मग उघडते. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मिळते आणि तेथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक रुग्णांसाठीच्या फलकावर असतो. तो ओटीच्या कपडे बदलण्याच्या खोलीतही लावायला हरकत नाही.