शून्य ते साठची गोष्ट

गाडीतळावर सिग्नल सुटला की जी स्कूटर आधी पुढे निघते तिचा पिकअप चांगला, असं आपण म्हणतो. पण पिकअप मोजतात कसा?

मोजायची सुरुवात मोटारीच्या कितीतरी आधीची. इटलीत गॅलिलिओनं उतरत्या लाकडी पन्हळीतून कांशाची गोळी सोडली. सेकंद दाखवणारं घड्याळ तेव्हा कुठलं! त्यानं भांड्यातून बारीक धारेनं पाणी सोडलं आणि जमलेलं पाणी तराजूत तोललं. आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त घटिकापात्रावर बघत, त्यातलाच प्रकार. दुप्पट वेळात गोळी चौपट अंतर जाते, हे त्यानं १६३८ च्या ग्रंथात मांडलं.

मोटारींसाठी ‘शून्य ते साठ’ रूढ करण्याचं श्रेय अमेरिकेतल्या टॉम मॅकहिल यांना देतात. १९४६ पासून ते मासिकात गाड्यांची परीक्षणं लिहीत. शून्यावरून ताशी साठ मैलांवर जायला किती सेकंद, एवढंच मोजायचं. पण गाडीचा काटा बहुधा खऱ्या वेगाहून थोडा जास्तच दाखवतो, म्हणून पुढे गाडीला सायकलसारखं पाचवं चाक जोडून वेग घेऊ लागले. आता ते काम उपग्रहाच्या मदतीनं होतं. साठ मैल म्हणजे सुमारे ९६ किलोमीटर. आपल्याकडे स्कूटरच्या जाहिरातीतले साठ मात्र किलोमीटर असतात. तुलना करताना इथंच गफलत होते.

१९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिकनं लूना आणली. तिचा पिकअप बेताचाच, पण तिनं बायकांना बसच्या रांगेतून सोडवलं. माझ्या मते हा इतिहास सेकंदांपेक्षा मोठा.

तरी सेकंद सोडून चालत नाही. समजा, स्कूटर दहा सेकंदांत साठला पोचते. म्हणजे सरासरी दर सेकंदाला वेग सहा किलोमीटरनं वाढतो. या हिशेबानं सोलापूर रस्त्यासारखा वीस मीटरचा पट्टा थांबल्या जागेवरून ओलांडायला पाच सेकंद लागतात. तेवढ्यात साठच्या वेगानं येणारा ट्रक त्र्याऐंशी मीटर कापतो. आणि चाचणीतला आकडा एकट्या चालकाचा, सपाट कोरड्या रस्त्यावरचा, पूर्ण ॲक्सिलरेटर पिळलेला. मागे नणंद, पुढे मंडईची पिशवी असली, तर त्याच पट्ट्याला जवळजवळ सहा सेकंद धरा. त्या एका जादा सेकंदात ट्रक आणखी सतरा मीटर जवळ आलेला असतो.